हायनेचं ते वाक्य १९३३चं नाही

‘जिथे पुस्तकं जाळतात, तिथे शेवटी माणसंही जाळतात’ हा ज्यू कवी हाइनरिश हायने यांनी हिटलरला दिलेला इशारा, असा मेसेज फिरतोय. वाक्य हायनेंचंच आहे, काळ मात्र चुकलाय. हायने १८५६मध्येच पॅरिसला वारले. १८२३मध्ये छापलेलं त्यांचं ‘अल्मान्सोर’ हे नाटक उघडून पाहा: स्पेनमधल्या ग्रानाडा शहराच्या भर बाजारात कुराण जाळल्याचं कळतं, तेव्हा हसन हे पात्र हे बोलतं. ज्यू घरात जन्मलेल्या जर्मन कवीने हे मुसलमान पात्राच्या तोंडी घातलंय, आणि मला तरी त्यामुळे ते जास्तच बोचतं. १९३३मध्ये बर्लिनच्या ज्या चौकात नाझींनी पुस्तकं जाळली, तिथल्या पाटीवर आज हेच वाक्य आहे. गोंधळ बहुधा त्यातूनच झाला असावा. तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका.