सावरीची मोजणी

फाल्गुन जवळ आला की काटेसावर अंगावरचे शेवटचे पानही झटकून टाकते आणि उघड्या फांद्यांवर लालभडक फुलते. रत्नागिरीत मारुती मंदिराकडून साळवी स्टॉपकडे जाताना एका चहाच्या टपरीमागे असेच एक झाड आहे, आणि त्याचा एक बरा फोटो काढावा एवढीच माझी माफक इच्छा होती.

फूल तळहाताएवढे, पण तीन मजले उंच. कॅमेरा पाठीमागच्या पांढऱ्या आकाशाचा उजेड मोजतो आणि फूल कोळशासारखे काळे उतरवतो. त्यावर एक्स्पोजर थोडे वाढवले की भागते. केबलच्या वायरी आणि कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स यांवर मात्र कॅमेऱ्यात कोणतेही बटण नाही. त्यांना चुकवण्यासाठी एक डोळा मिटून, हात लांब करून, पावले मोजल्यासारखा मी मागेपुढे सरकू लागलो.

"साहेब, मोजणी कधी?" टपरीवाल्याने विचारले.

"मोजणी नाही हो, फुलांचा फोटो काढतोय."

"तसंच सांगतात," असे म्हणून त्याने बाहेरचे बाकडे आत ओढले. मुंबई-गोवा महामार्ग 66 च्या रुंदीकरणात वडाच्या मोठमोठ्या झाडांचे काय झाले, हे ज्याने पाहिले आहे त्याला झाडाकडे टक लावून पाहणारा माणूस सरकारीच वाटणार. एवढ्यात मासळीची टोपली घेतलेली एक आजी थांबली आणि म्हणाली, "तोडायचंच असेल तर शिमग्यापर्यंत थांब रे बाबा, आमच्या वाडीत होळीला सावरच लागते."

फुलांवर साळुंक्या आणि कोतवाल मधासाठी भांडत होते. त्या झटापटीत एक फूल टपरीच्या पत्र्यावर थप्पकन आदळून माझ्या पायाशी आले. पाकळ्या फणसाच्या गऱ्यासारख्या जाड होत्या, मधोमध केसरांचा झुबका, आणि तळाच्या मधात एक मुंगी पाय झाडत होती. ते टिपायला मी वाकलो, तोच मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

घरी येऊन पाहिले, तर त्रेचाळीस फोटोंपैकी स्वच्छ असा एकच आला होता, आणि त्यात फुले नसून टपरी होती, पाटीसकट. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्याला तो दाखवला, तेव्हा बोटाने गटाराची कड आणि टपरीची कड यांतले अंतर त्याने दोनदा तपासले, समाधानाने मान हलवली आणि चहाचे पैसे न घेता म्हणाला, "हा व्हॉट्सॲपला पाठवा, तारखेसकट."