वर्गणी काढतात, खंडणी उकळतात

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. 'गणपती कॉन्ट्रिब्युशन, पर फ्लॅट २१०० रुपये, क्यूआर कोड खाली.' पैसे द्यायचेच होते, त्याचं काही नाही. पण 'वर्गणी' म्हणायला काय झालं होतं? विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, वर्गणी म्हटलं की लोकांना दारात पोरं उभी राहिल्यासारखं वाटतं."

तेही खरंच आहे म्हणा. आधीच आकडा घातलेली पावती फाडून हातात ठेवायची आणि वर 'काका, तुमच्या खुशीने' म्हणायचं! शब्दाची अब्रू घालवली ती या पावतीपुस्तकांनी. वास्तविक अशी वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पण ती दाखवा म्हणायची हिंमत आहे कुणात?

तरीही मी 'वर्गणी'च्याच बाजूने. मराठीतली क्रियापदं बघा. देणगी देतात, निधी उभारतात, खंडणी उकळतात आणि वर्गणी काढतात. काढणारे आपण, भरणारेही आपणच. म्हणून 'वर्गणी काढून जीप केली' असं आपण सहज बोलतो. 'देणगी काढून' कोणी म्हणत नाही. देणगीदाराचं नाव संगमरवरावर जातं, वर्गणीवाल्याचं वहीत, शेजाऱ्याच्या नावाखाली. मासिकाचा वर्गणीदारही त्याच जातकुळीचा. अंक आला नाही की पोस्टकार्ड टाकून जाब विचारणारा. 'चंदा' आपल्याकडे हिंदीतून येतो, पण त्यात हा हक्क मला तरी ऐकू येत नाही.

इंग्रजी शब्दाचा राग आहे म्हणून हे लिहितोय असं समजू नका. 'फंड' कधीच आपला झालाय. अंताजी दामोदर काळे माणशी एक पैसा मागत फिरले, टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्या 'पैसा फंडा'तून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एक पैसा! ज्याने दिला त्याला कारखाना आपलाच वाटत असणार. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचं लक्ष्य ठेवलं गेलं, तोही 'फंड'च.

आमच्या गावात सप्ताह संपला की देवळाच्या भिंतीवर खडूने जमाखर्च लिहायचे. गूळ, नारळ, पेट्रोमॅक्सचं भाडं, विणेकऱ्याचा टॉवेल-टोपी. शेवटी 'शिल्लक ३७ रु. ५० पैसे'. एका वर्षी हिशेबात नारळ दोनदा धरले गेले होते, तर आमच्या आजीने, जिने पाच रुपये दिले होते, सरपंचांना भर देवळात थांबवून विचारलं होतं. सरपंचांनी मुकाट्याने खडू घेतला आणि आकडा दुरुस्त केला.

तर काल २१०० भरले आणि ग्रुपवर लिहिलं, 'वर्गणी जमा केली आहे. गेल्या वर्षीचा हिशेब कधी मिळेल?'

सगळ्यांनी वाचलंय. एकाने हात जोडलेत.