मागे 140 चा टायर टाकण्याआधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की रायडर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: छोट्या ट्रेल बाइकला (कच्च्या वाटांवर चालवायच्या गाडीला) कंपनीचा टायर कुचकामी असतो. मागे 140 मिलिमीटर रुंदीचा टाका, रुंदी वाढली की पकड वाढते. दोन्ही चाकांना पूर्ण बटण टायर, म्हणजे उंच, सुट्या रबरी गोट्यांचा टायर, लावा, ते कुठेही चालतात. कच्च्यात उतरलात की हवा 12 psi वर आणा. आणि टायरवरचे बारीक आकडे बघत बसू नका, रिमला बसला म्हणजे झालं.

यंदा हा मजकूर मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने टायरचे पैसेही भरले होते. म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरण हिरोच्या एक्सपल्स 200 या गाडीचं घेतो. 2019 मध्ये ती आल्यापासून आपल्याकडच्या कच्च्या वाटांवर सर्रास दिसते. टायर पुढे 90/90-21, मागे 120/80-18, दोन्हीकडे ट्यूब. यात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रुंदीच्या किती टक्के उंची ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत.

रुंदीपासून सुरुवात करू. मुरूम, ओली लाल माती, भातखाचरांच्या कडेचा चिखल यांत पकड मिळते ती बटणं वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकली तर. हलक्या गाडीचं वजन रुंद टायरवर पसरलं की तो वरच तरंगतो आणि मागचं चाक जागेवर फिरत राहतं. सुक्या मऊ वाळूत रुंदीचा फायदा होतो, हे मान्य. पण वेल्ह्याहून केळदकडे किंवा भोरच्या मागच्या वाड्यांवर जाताना तशी वाळू लागते कुठे?

शिवाय 120 साठी केलेल्या रिमवर 140 चढवला की टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात. माथा फुगीर होतो आणि वळणात जी बाजूची बटणं जमिनीला लागायला हवीत ती लागत नाहीत. आता उंचीचा हिशोब करा. 120/80-18 चा व्यास साधारण 649 मिलिमीटर, 140/80-18 चा 681. म्हणजे चाक जवळजवळ पाच टक्क्यांनी मोठं झालं आणि तेवढ्याच प्रमाणात प्रत्येक गिअर लांब झाला. दोनशे सीसीच्या गाडीकडे उधळायला ताकद नसते. चढाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट दाबून गाडी ओढावी लागते आणि क्लचप्लेटा जळतात. त्यात स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि टायर यांच्यात बोटभरही फट उरत नाही. काळ्या मातीत ती फट एका शेताच्या अंतरात भरते आणि चाक जाम होतं. मग काठीने माती उकरत बसायचं.

बटण टायर कुठेही चालतो, हे वाक्य तर मला धोकादायकच वाटतं. आपली ट्रेल सुरू होण्याआधी साठ-सत्तर किलोमीटर डांबर असतं, परतताना तेवढंच, आणि तेही पावसात. बटणांमधल्या मोकळ्या जागेमुळे ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, ब्रेक दाबला की उंच बटणं वाकतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. वरंध घाटातल्या ओल्या वळणावर हे कळून उपयोग नसतो. आठवड्यातले पाच दिवस त्याच गाडीने कामावर जात असाल तर मागे निम्मा रस्ता-निम्मा कच्चा अशा नक्षीचा टायर घ्या. पैसे जास्त घालायचे तर पुढच्यावर घाला, त्याची बटणं जरा उंच आणि एकमेकांपासून लांब असलेली बघून घ्या. मागचं चाक घसरलं तर गाडी सावरता येते. पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

आता हवा. कमी हवेने पकड वाढते हे खरं आहे, कारण टायर जमिनीला लांबवर टेकतो. पण 12 हा आकडा मोटोक्रॉसमधून, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींमधून, उचललेला दिसतो. तिथल्या गाड्या आपल्यापेक्षा पन्नासेक किलोने हलक्या, ट्यूब जाड, आणि रिमवर टायर घट्ट धरणारं रिमलॉक असतं. आपल्या गाडीला ते नाही.

मी स्वतः एकदा मागे 14 ठेवून मढे घाटाकडे गेलो होतो. एका पायरीसारख्या दगडावर रिम ठोकल्याचा खणकन आवाज आला आणि दोन मिनिटांत टायर बसला. ट्यूब बाहेर काढली तर शेजारी-शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटली की अशाच चिरा पडतात. जवळच्या दोन ठिगळांच्या कडा एकमेकींवर येत होत्या, त्यामुळे एकही नीट बसेना. जवळ दुसरी ट्यूब नव्हती. चार किलोमीटर गाडी ढकलली.

दुसरा धोका याहून गुपचूप येतो. हवा कमी असली की जोरात रेस दिल्यावर टायर रिमवरून किंचित सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्याला ठिगळ लागतच नाही. म्हणून व्हॉल्व्हची नट रिमला आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजायचं, टायर सरकलाय. माझं माप सांगतो: मुरमाच्या वाटेला 20 ते 22, नुसत्या चिखलात 18, त्याखाली नाही. डांबर लागलं की पंप काढून कंपनीने सांगितलेली हवा परत भरायची.

उरले टायरवरचे आकडे. मापानंतर 62P असं लिहिलेलं असतं. 62 म्हणजे तो टायर 265 किलो पेलतो, P म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंत चालतो. 54 असेल तर 212 किलोच. गाडी दीडशेच्या वर, तुम्ही पंचाहत्तर, मागे बायको किंवा मित्र, वर सामान. यातला मोठा भाग मागच्या चाकावर येतो आणि 212 ची मर्यादा तिथेच गाठली जाते. टायरवर NHS ही अक्षरं दिसली तर तो सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेलाच नाही, घेऊ नका. आणि चार आकडे एका लंबगोलात शोधा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. ट्रेल टायर आपल्याकडे हळू खपतात, दुकानात वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि जुनं रबर नवं दिसलं तरी कडक झालेलं असतं. बटणात नख रुतवून बघा.

पैसे भरलेल्या त्या मित्राचा टायर अजून बसवलेला नव्हता. दुकानदाराने तो परत घेऊन 120 चा दिला. शनिवारी बसवायचाय, टायर चढवायच्या लोखंडी पट्ट्या आणि साबणाचं पाणी घेऊन मी त्याच्याकडे जातोय.