खिडकी डावी की उजवी

माझ्या स्वित्झर्लंडच्या प्लॅनवर काल लाल बॉलपेनने काट मारली गेली आणि मला ते अजून पचलेलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मारली, तीही लिफ्टमध्ये, माझा कागद माझ्याच पाठीवर ठेवून.

ल्युसर्न ते इंटरलाकेन, साधारण दोन तास, रेल्वेने. शेजारी मी लिहिलं होतं, "उजवी खिडकी". काकांनी 'बघू रे' म्हणत कागद ओढून घेतला आणि वाचतावाचताच हसले.

"उजवी? अरे डावीकडे बस. लेक सगळे डावीकडे. आम्ही बघितलेत."

"काका, तुम्ही रेल्वेने गेला होतात?"

"बसने. टूरबरोबर. पण लेक तोच ना? का रेल्वेवाल्यांचा वेगळा आहे?"

"आणि कुठून कुठे गेलात?"

"इंटरलाकेनहून ल्युसर्नला."

"म्हणजे उलटे."

"उलटं काय त्यात? तलाव काय जागा बदलतो?"

तोवर आमचा मजला येऊन गेलेला, काकांनी दाराला पाय लावून ठेवलेला आणि वरून कोणीतरी लिफ्टसाठी बोंबलतंय. मी तरी समजावलं, की ल्युसर्नहून निघालं की सार्नेनचा तलाव उजवीकडे, मग लुंगर्नचा हिरवागार तलाव उजवीकडेच, मग १००२ मीटरवरची ब्रुनिग खिंड आणि खाली मायरिंगेन. तिथे गाडी उलट्या दिशेने निघते, आपल्या दौंडला इंजिन फिरायचं तशी, त्यामुळे पुढे ब्रिएन्झचा तलाव डाव्या हाताला असूनही आपल्याच खिडकीत येतो, जागा सोडायची गरजच नाही. मला वाटलं माणूस खूश होईल. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, 'उजवी' खोडून त्यावर 'डावी' लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "दौंडला मी बावीस वर्षं नोकरी केलीये, मला नको सांगूस."

यावर काय बोलणार?

घरीही उजेडच. ग्लेशियर एक्स्प्रेसचं नाव काढलं, झेरमाट ते सेंट मोरित्झ, ९१ बोगदे, २९१ पूल, आठ तास. बाबा म्हणाले आठ तासात पुणे-मुंबई जाऊन येणं होतं. ही गाडी स्वतःच अभिमानाने स्वतःला जगातली सगळ्यात संथ एक्स्प्रेस म्हणवते, आणि आमच्या घरात कोणी संथपणाचे पैसे द्यायला तयार नाही. त्यात ट्रॅव्हल पास काढला तरी तिथलं सीट रिझर्वेशन कंपल्सरी आणि वेगळ्या पैशांनी! म्हणजे गाडीत चढायचा पास आहे, बसायचा नाही. बर्निना एक्स्प्रेसचंही तेच. त्यातल्या त्यात बरं, की बर्निनाच्या त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही जातात, त्यांना रिझर्वेशन लागत नाही आणि काही डब्यांच्या खिडक्या उघडतातसुद्धा. पॅनोरमा डब्याच्या मोठ्या बंद काचेत फोटो काढला की डोंगरावर आपलंच टक्कल उगवतं.

पण हे सगळं व्हिसा मिळाल्यावर. त्याआधी रोज रात्री कुठे झोपणार ते बुकिंगसकट दाखवा, तीस हजार युरोंचा इन्शुरन्स काढा, बँक स्टेटमेंट लावा, नोकरीवरून सुट्टीचं पत्र आणा. आपण परत येणार आहोत हे आपणच सिद्ध करायचं. पैसे आपले, सुट्टी आपली, आणि संशयितही आपणच! राग येतो, खोटं कशाला बोलू, आणि तो काढायला काउंटरच्या पलीकडचा माणूस मिळत नाही म्हणून मी घरात सगळ्यांवर खेकसत फिरतोय.

बायकोने यावर उपाय काढलाय. काकांना रविवारी चहाला बोलावलंय. युंगफ्राऊयोख, म्हणजे ते बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन, नेमकं कितव्या दिवशी करावं यावर त्यांना बोलायचंय म्हणे. पेन ते स्वतःचं आणणार आहेत.