वाळवंटात डेटा सेंटर येत असेल तर कसे वागावे

आपण वाळवंटात राहत असाल आणि आपल्या वेशीवर एखादे अवाढव्य डेटा सेंटर, म्हणजे सतत थंड ठेवाव्या लागणाऱ्या हजारो संगणकांचे कोठार, येऊ घातले असेल, तर सर्वप्रथम अभिनंदन. आता नीट कसे वागायचे, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराकडे पाहावे आणि तेथील लोकांनी २०२५ साली जे जे केले, ते ते टाळावे.

पहिली सूचना अशी की, पाणी काटकसरीने वापरत राहा. ही सवय टूसॉनकरांना होती, हे मान्य करायला हवे. अंगणातली हिरवळ उपटून त्यांनी निवडुंग लावले. छपराच्या पन्हाळीखाली पिंपे ठेवून पावसाळ्यातली सर अडवली. नव्या व्यापारी इमारतींच्या बागांना निम्मे पाणी पावसाचेच हवे, असा नियम शहराने २००८ साली केला. परिणामी १९८०च्या दशकाच्या मध्याला शहराला जेवढे पाणी लागे, साधारण तेवढ्यावरच आज कितीतरी अधिक लोक भागवतात. चूक झाली ती एवढीच की, हे पाणी आपण आपल्यासाठी आणि पुढच्या पिढीसाठी वाचवले, असा त्यांचा समज होता. आपण तो करून घेऊ नये. वाचलेल्या पाण्याला ‘उपलब्ध पाणी’ म्हणतात आणि उपलब्ध पाण्याला गिऱ्हाईक मिळतेच.

दुसरे म्हणजे, कोण येत आहे ते विचारू नये. पाहुण्याला नाव-गाव विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. टूसॉनच्या प्रकल्पाला ‘प्रोजेक्ट ब्लू’ असे नाव होते आणि अधिकाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारांवर सह्या केलेल्या असल्यामुळे तेथे नेमका कोणाचा संसार थाटायचा आहे, हे लोकांना सांगता येत नव्हते. तरीही पीमा काउंटीच्या, म्हणजे तेथल्या जिल्ह्याच्या, निवडून आलेल्या सुपरवायझर मंडळाने जूनमध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी २९० एकर जमीन विकण्यास मान्यता दिली, याला म्हणतात विश्वास. पुढे काउंटीच्या २०२३ सालच्या एका टिपणात बातमीदारांना ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस या ॲमेझॉनच्या संगणकसेवा कंपनीचे नाव सापडले. पण जुनी कागदपत्रे चाळण्याची खोड काही जणांना असतेच, त्याला इलाज नाही.

तिसरी सूचना पाण्याच्या हिशेबाची असल्यामुळे जरा सावकाश वाचावी. प्रकल्प पिण्याचे पाणी पिणार नाही, तर सांडपाणी शुद्ध करून मिळालेले पाणी वापरेल आणि जेवढे घेईल त्याहून अधिक परत करेल, असे आपल्याला सांगितले जाईल. येथे मान डोलवावी. शुद्ध केलेले सांडपाणी आधी कोठे जात होते, हा प्रश्न मनात आणू नये, कारण मग सांता क्रूझ नदीची आठवण होते. कोरड्या पडलेल्या या नदीच्या शहरातल्या पात्रात २०१९ पासून हेच पाणी सोडले जाते, त्यातले काही जमिनीत उतरते आणि त्यामुळे तेथे पुन्हा मासेही दिसू लागले. संगणक थंड करण्यासाठी वापरलेल्या पाण्याचे काय होते, हे ज्याच्या खिडकीत कूलर आहे त्याला ठाऊक असते: सकाळी टाकी काठोकाठ भरावी आणि दुपारी पाहावे, तर तळाला गाळ आणि हवेत ओलावा. आपल्याकडे एखाद्या व्यवहारात पाणी कोठे मुरते आहे, असे विचारण्याची पद्धत आहे. ती येथे गैरलागू आहे, कारण हे पाणी मुरत नाही, उडते.

शहराची तहान भागवणाऱ्या कोलोरॅडो नदीचा विषय काढू नये. तिचे पाणी ५४० किलोमीटरच्या कालव्यातून पंपांनी चढवत आणावे लागते आणि तुटवड्यामुळे २०२२ साली ॲरिझोनाच्या वाट्यात मोठी कपात झाली, असले मुद्दे वातावरण गढूळ करतात. त्याऐवजी ३६० कोटी डॉलरच्या गुंतवणुकीबद्दल बोलावे. कायमच्या नोकऱ्या किती, असे कोणी विचारलेच तर १८० हा आकडा हळू आवाजात सांगून बांधकामाच्या विषयाकडे वळावे.

आणि सभेला मुळीच जाऊ नये. टूसॉनचे लोक गेले, शेकड्यांनी गेले, आणि ऑगस्टच्या ६ तारखेला नगर परिषदेने प्रकल्पाची जमीन शहराच्या हद्दीत घेण्यास एकमताने नकार दिला. शहराच्या हद्दीत नाही म्हणजे शहराचे पाणीही नाही. मग चमत्कार घडला. जे संगणक पाण्यावाचून थंड होणार नव्हते, ते नव्या आराखड्यात हवेवर थंड होऊ लागले. ही युक्ती आधीच का सुचली नाही, असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल. हवेवरच्या यंत्रणेला वीज अधिक लागते हे खरे, परंतु त्याचीही चिंता नको. स्थानिक वीज कंपनीबरोबरच्या पुरवठा कराराला राज्याच्या नियामक आयोगाने डिसेंबरमध्ये मंजुरी दिलीच.

तेव्हा आता आपण एवढेच करावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, तरी घरातला एसी जपून चालवावा, म्हणजे वीजही ‘उपलब्ध’ होईल. रात्री निजण्यापूर्वी अंगणात जाऊन पिंपाची तोटी घट्ट बंद आहे ना, ते पाहावे. थेंब गळत राहिला तर तो जमिनीत जाईल, एखाद्या झाडाच्या मुळाशी पोहोचेल, आणि मग तो कोणालाच विकता येणार नाही.