पाऊण टक्क्यात पाणीयोजना

आमच्या गावच्या नगरपरिषदेनं नव्या पाणीपुरवठा योजनेसाठी सल्लागार नेमला. फी प्रकल्प खर्चाच्या पाऊण टक्का. दर सर्वांत कमी, म्हणून काम त्याला. गावात याचं कौतुक चाललंय, जनतेचा पैसा वाचवला म्हणून. मी अमेरिकेत टेक्सासात राहतो, तिथून हरकत घेतली की उत्तर ठरलेलं: 'तिकडे डॉलर आहेत, इथं कुठून आणायचे?'

डॉलर बाजूला ठेवू, हिशेब रुपयांत करू. योजना 20 कोटींची धरा. पाऊण टक्का म्हणजे 15 लाख. त्यात गावभर लेव्हल (म्हणजे जमिनीची उंची) घेऊन सर्व्हे, टाकीच्या जागी माती परीक्षण, उंच टाकीचं डिझाइन, जलवाहिन्यांचं जाळं, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यतेसाठी हेलपाटे, निविदेची कागदपत्रं आणि वर दोन वर्षं साइटवर देखरेख. महिना 25,000 रुपयांचा एक पोरगा साइटवर उभा केला तरी 6 लाख तिथंच गेले. उरलेल्या 9 लाखांत बाकी सगळं, आणि बिलं निघणार नगरपरिषदेच्या सवडीनं. सल्लागार काटकसर करणारच, आणि ती जिथं लगेच दिसत नाही तिथंच करणार: सर्व्हेत आणि माती परीक्षणात.

सर्व्हे न करता उपग्रहाच्या नकाशावरून उंची उचलली, तर तीन-चार मीटरची चूक सहज होते. दुमजली घरांसाठी नळाशी 12 मीटर दाब (म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल इतका) धरून जाळं आखलं आणि एखादा वॉर्ड कागदापेक्षा प्रत्यक्षात 4 मीटर उंच निघाला, तर तिथं दाब उरतो 8 मीटर. पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही. लोक नळाला थेट मोटार लावतात, आणि मग शेवटच्या गल्लीत खालच्या नळालाही पाणी येत नाही. ठेकेदारानं पाइप अगदी नकाशाबरहुकूम टाकलेले असतात, त्याला काय धरणार?

टाकीचंही तेच. बोअर (माती तपासायला पाडलेलं खोल भोक) न घेता जमिनीची भारक्षमता अंदाजानं लिहिली आणि खोदल्यावर काळी माती तीन मीटरच्या खालीही संपेना, की पायाचं डिझाइन बदलायचं, लोखंड वाढवायचं, एक्स्ट्रा आयटम (निविदेत नसलेली वाढीव कामं) काढायचे आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवून बसायचं. फीमध्ये वाचवलेले दहा-वीस लाख इथं कधीच वाहून गेलेले असतात.

टेक्सासात अभियंत्याच्या सेवेला दर मागवून निवड करायला कायद्यानंच मनाई आहे. तशी निवड करून केलेला करार रद्दबातल ठरतो. पाच-सहा हजार वस्तीचं गावही जाहिरातीत फक्त पात्रता मागतं: अशी कामं कुठं केली, नेमके कोणते इंजिनिअर हे काम बघणार, त्यांच्या हातात आत्ता किती कामं आहेत. सिटी मॅनेजर (आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा), पब्लिक वर्क्सचा प्रमुख वगैरे बसून गुण देतात. पहिला आला त्याच्याशीच मग फीची बोलणी. तो तासांचा तक्ता मांडतो: प्रोजेक्ट मॅनेजर इतके तास, डिझाइन इंजिनिअर इतके, सर्व्हेची टीम इतके दिवस. गाव त्यावर घासाघीस करतं, काम कमी करून घेतं, कमाल रक्कम ठरवून टाकतं. जमलं नाही तर लेखी कळवून बोलणी संपवायची आणि दुसऱ्याला बोलवायचं. मागं परत फिरता येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामांना हेच तत्त्व 1972 पासून लागू आहे.

इथं सगळं स्वच्छ आहे असं नाही. एकच फर्म वर्षानुवर्षं गावाचा 'सिटी इंजिनिअर' म्हणून बसते, तीच कामं सुचवते आणि तीच डिझाइन करते, हे मला खटकतं. पण सर्व्हेशिवाय नकाशावर शिक्का मारताना इथला इंजिनिअर दहादा विचार करतो, कारण शिक्क्याबरोबर त्याचं लायसन्स पणाला लागलेलं असतं.

या परक्या गावाच्या कौन्सिलसमोर मला तीन मिनिटं बोलता येतं आणि माझं म्हणणं इतिवृत्तात जातं. माझ्या गावात घरपट्टी भरतो, पण माझं बोलणं 'परदेशातला शहाणपणा' ठरतं. याचं वाईट वाटतं. आणि दूर राहून बोलणं सोपं असतं, हेही खरंच आहे.

तरी बोलतोच, कारण यात शासनाचे नियम मोडायची गरज नाही. गुणवत्ता आणि दर एकत्र तोलायची पद्धत आपल्याकडच्या निविदांतही आहे, ती वापरा. फी टक्क्यात ठेवू नका. टक्क्यात ठेवली की खर्च वाचवणाऱ्या सल्लागाराचीच फी घटते. सर्व्हेचे पैसे किलोमीटरप्रमाणे आणि माती परीक्षणाचे बोअरप्रमाणे वेगळे द्या, म्हणजे ते गाळून त्याला काही सुटणार नाही. डिझाइन एकाला आणि देखरेख दुसऱ्याला द्या. क वर्ग, म्हणजे लहान गावाच्या नगरपरिषदेत अभियंता बहुधा एकटा, कधी शेजारच्या गावचाही कार्यभार सांभाळणारा. त्याच्याकडून सगळं तपासून घेण्याची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या नगरसेवकांनी कार्यादेश निघायच्या आत सर्वसाधारण सभेत मुख्याधिकाऱ्यांना एवढं विचारावं: लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून (उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेवरून) घेणार, टाकीच्या जागी किती बोअर आणि किती खोल, आणि साइटवर येणाऱ्या इंजिनिअरचं नाव करारात लिहिलंय का.