पाल परवडली, पण ती गोगलगाय नको

चिपळूणचा पावसाळा म्हणजे बाथरूममध्ये वर पाल, खाली गोगलगाय आणि मधे मी, टॉवेल गुंडाळून. गोगलगाय म्हणजे शंखवाली नाही हं, ती बिनशंखाची, काळपट, बोटाएवढी, मोरीच्या जाळीतून वर येते ती.

घरात बोंबाबोंब असते ती फक्त पालीच्या नावाने. मोरपीस लाव, अंड्याची टरफलं ठेव, डांबरगोळ्या टाक. आमची पाल त्या मोरपिसाच्या मागेच राहते. पण खरं सांगू का, पालीशी निदान व्यवहार होतो. लाईट लावला की ती आपल्याकडे बघते, आपण तिच्याकडे, मग ती ट्यूबमागे सटकते, विषय संपला. अगदीच झाडू घेऊन मागे लागलात तर शेपूट टाकते, ती वळवळत बसते आणि आपण बघत बसतो, तोवर बाई गायब. विषबिष काही नाही, उलट डास खाते. एकदा जवळून बघितलं तर डोळ्यावरून जीभ फिरवत होती, पापण्या मिटता येत नाहीत ना तिला, म्हणून गाडीचा वायपर मारावा तसं! आणि स्वच्छ किती, पंजाखालच्या त्या न दिसणाऱ्या लाखो केसांवर टाइल्सवर उलटी चालते पण टाइल कोरडीच.

गोगलगायीचं तसं नाही. ओरडा, पाय आपटा, तिला ढिम्म फरक पडत नाही. चार शिंगं, वरच्या दोनांच्या टोकाला डोळे, काडी लावली की तेवढंच शिंग आत आणि बाकी बाई जिथल्या तिथे, भांडायचं कोणाशी? गरीब म्हणाल तर तोंडात हजारो बारीक दात, कुंडीतली कोथिंबीर एका रात्रीत खल्लास. त्यात नर-मादी एकाच अंगात, म्हणजे दिसेल ती अंडी घालणारच.

रात्री अनवाणी पाय पडला ना, तर घाईने पाणी ओतू नका, तो बुळबुळीतपणा पाणी पिऊन अजून फुगतो. आधी कोरड्या फडक्याने खसाखसा पुसायचं, मग साबण. मीठ टाका म्हणणारे नंतर फेस खरवडायला येत नाहीत, म्हणून मी आपली जुन्या लग्नपत्रिकेवर उचलून कंपाऊंडपलीकडे टाकतो.

पाल अंगावर पडली तर कुठे पडली की काय फळ, ते पंचांगात तरी मिळतं. गोगलगायीवर पाय पडल्याचं फळ काय, आईला विचारलं.

"फळ कसलं? फडकं घे आणि लादी पूस."